बिनतारी जाळ्यात संस्थेची ओळख

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्याची ठिकाणे आहेत. मुंबई-हावडा लोहमार्गावरील ते चांदूर रेल्वे आणि अचलपूरच्या बाजूचे ते चांदूर बाजार. एकाच जिल्ह्यात एका नावाची दोन गावे नांदू लागली, तेव्हा लोकव्यवहाराने त्यांना अशी उपपदे जोडून दिली आणि दीर्घकाळ ती पुरली. पुढे नरखेड-अमरावती मार्ग झाला आणि चांदूर बाजारलाही रेल्वे आली. ‘रेल्वे’ हे उपपद आता एकाच चांदूरची खूण राहिलेले नाही. तरीही टपालाचा घोटाळा होण्याचे कारण नाही, कारण चांदूर बाजारचा पिनकोड ४४४७०४ आहे आणि चांदूर रेल्वेचा ४४४९०४. सहा अंकांपैकी केवळ चौथा निराळा. परंतु तेवढ्या एका अंकाने पत्र आपल्या गावी पोहोचते.

ही पद्धत आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी होते. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि अखेरचे तीन टपाल कचेरीचे, अशी त्यांची मांडणी सुबोध होतीच. पण तिच्या यशाचे खरे कारण आणखी एक आहे. क्रमांक देणारे खाते एक होते, नोंदवही एक होती आणि तोच क्रमांक वाचून पत्र पुढे धाडणारेही तेच खाते होते.

एकच आकडा, निराळे अर्थ

जेथे नोंदवह्या अनेक असतात, तेथे काय घडते हे कोणत्याही शाळेच्या कार्यालयातील लिपिकाला विचारावे. वाहनाच्या पाटीवर एमएच या अक्षरांपुढे २७ आकडा दिसला, की ते वाहन अमरावतीचे. वस्तू व सेवा कराच्या क्रमांकाच्या आरंभी हाच २७ आला, तर तो महाराष्ट्राचा. शाळेच्या अकरा अंकी यू-डायस क्रमांकातही पहिले २७ महाराष्ट्राचे असतात आणि अमरावती जिल्हा त्यापुढच्या ०७ ने ओळखावा लागतो. यांत चूक कोणत्याच खात्याची नाही. आकड्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो कोणाच्या वहीतला आहे हे कळले, तरच तो कळतो. वह्या आपापल्या कचेरीत बंद आहेत तोवर यातून काही बिघडत नाही. दोन वह्या एकमेकींशी बोलू लागल्या, की अडचण सुरू होते. बिनतारी इंटरनेटच्या क्षेत्रात आज नेमकी हीच वेळ आली आहे.

चांदूर बाजारचा विद्यार्थी अमरावतीच्या महाविद्यालयात शिकतो असे समजू. परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र, सारे त्याला इंटरनेटवरूनच मिळवावे लागते. आपल्या महाविद्यालयात त्याला वायफाय मिळते. पण दुसऱ्या महाविद्यालयात, सार्वजनिक वाचनालयात वा रेल्वे स्थानकावर तो परका ठरतो. प्रत्येक ठिकाणी नवे नाव, नवा परवलीचा शब्द. आपल्या घरच्या संस्थेने दिलेली ओळख सर्वत्र मानली जावी, या व्यवस्थेला रोमिंग म्हणतात. मोबाइलच्या ग्राहकाला ती सवयीची झाली आहे. वायफायच्या बाबतीत विद्यापीठीय जगात ‘एज्युरोम’ने ती रुळवली असून भारतात तिची जबाबदारी अर्नेट या संस्थेकडे आहे. परगावी गेलेला विद्यार्थी आपले नाव आणि त्यापुढे आपल्या संस्थेचे इंटरनेटवरील नाव देतो. तेथील यंत्रणा परवलीचा शब्द स्वतः तपासत नाही; ती घरच्या संस्थेला विचारते, आणि होकार आला की दार उघडते.

नोंदवह्यांची दाटी

या विचारपुशीत ‘घर कोणते’ हा पहिला प्रश्न असतो. मोबाइल कंपन्यांच्या जगात त्याचे उत्तर देशाचा क्रमांक आणि कंपनीचा क्रमांक मिळून देतात. देशाचे क्रमांक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवतो. त्यांपैकी ४०४ आणि ४०५ भारताचे. एज्युरोममध्ये तेच काम इंटरनेटवरील नावे करतात आणि ती नावे देणारी व्यवस्था अगदीच स्वतंत्र आहे. वायफायसाठी आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संघटनेने २०११ साली आणखी एक सोय केली. वायफायचे उपकरण आपण कोणत्या संस्थासमूहाचे पाहुणे स्वीकारतो, हे एका क्रमांकाने सतत घोषित करते; फोन तो ऐकतो आणि आपल्याजवळच्या क्रमांकाशी ताडून पाहतो. हे क्रमांक ज्या वहीतून दिले जातात, ती मुळात यंत्रे बनवणाऱ्या कारखानदारांना वेगवेगळे ओळखण्यासाठी उघडलेली होती. २०२० पासून वायरलेस ब्रॉडबँड अलायन्स ही संघटना ‘ओपनरोमिंग’ची योजना चालवते, तिने सहभागी संस्थांसाठी आपला वेगळा ओळख-क्रमांक ठेवला असून विश्वासाच्या अंकीय दाखल्यातही तोच नोंदवला जातो. दाखल्यावर जो क्रमांक जातो, तो दोघांचा असून कसे चालेल?

आपल्या देशातही ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेला मान्यता दिली. बाजारातील किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय वायफाय पुरवता यावे, असा तिचा उदार हेतू आहे. त्यासाठी एक केंद्रीय नोंदवही आहे. परंतु तिच्यातील ओळख ही त्या योजनेपुरती ओळख आहे. सारांश, चांदूर बाजारच्या पेठेतील दुकान एका वहीत आहे, अमरावतीचे महाविद्यालय दुसऱ्या वहीत असू शकेल, आणि नगर परिषदेचे वाचनालय कदाचित कोणत्याच वहीत नसेल.

समन्वय अशक्य नाही

या सर्व संघटनांनी एकत्र बसून एकच जागतिक क्रमांक काढावा, असे कोणी सुचवील. वस्तुतः त्यातून जुन्या वह्यांत एका नव्या वहीची भरच पडेल. त्याहून शहाणा मार्ग याच क्षेत्रात पूर्वी अनुसरला गेला आहे. मोबाइलचे क्रमांक वायफायच्या विचारपुशीत वापरायची वेळ आली, तेव्हा मोबाइलची प्रमाणके ठरवणाऱ्या थ्री-जीपीपीने देशाचा आणि कंपनीचा क्रमांक इंटरनेटवरील नावाच्या साच्यात बसवला. भारतात काही कंपन्यांचा क्रमांक दोन अंकी, तर काहींचा तीन अंकी आहे. तेव्हा दोन अंकी क्रमांकाआधी शून्य लावावे, इतका बारीक नियमही लिहून ठेवला. जुने क्रमांक कायम राहिले आणि दोन वह्यांमध्ये वाट झाली.

हीच रीत पुढे न्यावी. क्रमांकासोबत तो देणाऱ्याचे नाव नेहमी असावे. एका वहीतील संस्था दुसऱ्या वहीत कोणती, हे दाखवणारी जोडसूची सर्वांना खुली असावी. एकदा दिलेला क्रमांक, संस्था बंद पडली तरी, दुसऱ्या कोणास देऊ नये. हा शेवटचा नियम वऱ्हाडाला विशेष पटावा. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, पुढे त्याला संत गाडगे बाबांचे नाव मिळाले. १९९८ साली अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. नावे आणि सीमा बदलतच राहणार. त्यांच्यासोबत ओळख बदलू लागली, तर फोनमध्ये जपून ठेवलेला जुना क्रमांक भलत्याच दारी घेऊन जाईल.

प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा असता, तर दैनिकाच्या या पानावर त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. ज्या संघटना हे क्रमांक देतात, त्यांचे सभासदत्व वा शुल्क मोठ्या कंपन्यांना जड नाही. तालुक्याच्या महाविद्यालयाला, जिल्हा परिषदेच्या शाळेला, ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला ते परवडणार नाही, आणि त्यांच्या वतीने बैठकीस बसणारेही कोणी नाही. अशा वेळी त्यांना कोणा मध्यस्थाच्या क्रमांकाखाली पाहुण्यासारखे राहावे लागेल आणि मध्यस्थ बदलला की ओळखही जाईल. शाळेला यू-डायस क्रमांक आहे, महाविद्यालयालाही उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत क्रमांक आहे. या सार्वजनिक नोंदींच्या आधारे शासनाने अर्नेटसारख्या संस्थेमार्फत छोट्या संस्थांना टिकाऊ ओळख विनामूल्य मिळवून द्यावी, आणि आंतरराष्ट्रीय बैठकींत तिला मान्यता मिळवावी. पिनकोड देताना टपालखात्याने महानगर आणि खेडे असा भेद केला नाही. खेड्यातील टपाल कचेरीलाही मुंबईइतकेच सहा अंक मिळाले. बिनतारी जाळ्यातही त्याहून कमी मागण्याचे कारण नाही.