निकामी मालाचे राज्य

सरकारी कचेरीत किंवा बँकेत नोकरी केलेल्या माणसाला 'डेड स्टॉक' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मोडक्या खुर्च्या, पाय गेलेली टेबले, बंद पडलेले पंखे यांची एक नोंदवही असते. वर्षातून एकदा मोजदाद होते, कधीतरी वरून मंजुरी येते, वस्तू 'राइट ऑफ' होते आणि भंगारवाला गोणी घेऊन दाराशी येतो. माझ्या नोकरीची कितीतरी वर्षे अशा नोंदींवर सह्या करण्यात गेली. म्हणूनच असेल, नेकचंद सैनी यांच्याकडे शिल्पकार म्हणून मी नंतर पाहिले. आधी दिसला तो एक नोकरदार. शहराने राइट ऑफ केलेला माल उचलून या गृहस्थांनी एक राज्य उभे केले, आणि तेही सरकारी नजरेआड, सुमारे दीड तप!

नेकचंद यांचा जन्म 15 डिसेंबर 1924 चा, शकरगढ भागातल्या बरियाँ कलाँ या खेड्यातला. हा भाग आज पाकिस्तानात आहे. घर शेतकऱ्याचे. 1947 साली फाळणी झाली आणि गाव कायमचे सुटले. लाहोर गमावलेल्या पंजाबला राजधानी हवी होती, म्हणून ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यानुसार चंडीगड वसू लागले. तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नेकचंद रस्ते निरीक्षक म्हणून लागले. शहर काटकोनात आखलेले, प्रत्येक सेक्टरला नंबर दिलेला. पण हे शहर उभे राहावे म्हणून कित्येक खेडी उठवली गेली होती. पडलेल्या घरांच्या जागी फुटकी मडकी, विटांचे तुकडे, बांगड्यांच्या काचा उरत. ज्याचे स्वतःचे गाव उठले, त्याला दुसऱ्याच्या उठलेल्या गावाचा कचरा नुसता कचरा म्हणून दिसला नसावा, असे मला वाटते.

1958 च्या सुमारास त्यांनी तो गोळा करायला सुरुवात केली. सुखना तलावाजवळ झाडीने झाकलेला जमिनीचा एक पट्टा होता. ही जमीन राखीव, तिथे काहीही बांधायला मनाई. नेकचंद यांनी नेमकी तीच निवडली. दिवसा नोकरी, ती संपली की सायकलवर माल लादून इकडे यायचे. शिवालिकच्या डोंगरांतून येणाऱ्या ओढ्यांच्या पात्रांतले चित्रविचित्र दगडही त्यांनी असेच वाहून आणले. रात्री उजेडासाठी जुने टायर पेटवायचे. नोकरी जाण्याची धास्ती तर रोजचीच.

ना गुरू, ना कलाशाळा. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर जे. जे.ची पायरी न चढलेला माणूस. पण हाताला एक युक्ती सापडली होती. सायकलींचे मोडके सांगाडे मूर्तींच्या आतला आधार झाले; सायकलीची सीट हे एखाद्या जनावराचे डोके, पुढचा चिमटा हे पाय. त्यावर सिमेंट थापायचे आणि ते ओले असतानाच बांगड्यांचे, कपबश्यांचे तुकडे बसवायचे. अशा मूर्ती एक-दोन नव्हे, शेकड्यांनी उभ्या राहिल्या. डोक्यावर घडे घेतलेल्या बायका, वादक, नर्तकी, माकडे. गंमत अशी, की कॉर्बुझिए यांनी शहराला जो आज्ञालेख घालून दिला, त्यात शहरात वा उद्यानांत व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत असे कलम आहे. नेकचंद यांनी या कलमाचा भंग केला असे म्हणता येत नाही. त्यांच्या माणसांना नावेच नाहीत.

1970 च्या दशकात हे सारे उघडकीला आले, तेव्हा ते सुमारे 12 एकरांवर पसरले होते. आता फाइल उघडा. सरकारी नोकर, राखीव जमीन, विनापरवाना बांधकाम. ज्याने अशा फाइली हाताळल्या आहेत त्याला शेवट आधीच ठाऊक असतो. खुलासा मागवा, निलंबित करा, बांधकाम पाडा. यातले एकही पाऊल नियमाबाहेरचे ठरले नसते. पण शहराचे मुख्य वास्तुशिल्पी एम. एन. शर्मा आणि वनस्पतींचे नि कलेचे जाणकार असलेले सनदी अधिकारी एम. एस. रंधावा यांच्यासारखी माणसे नेकचंद यांच्या पाठीशी उभी राहिली. लोकमतही त्यांच्याच बाजूने गेले. 1976 साली बाग सर्वांसाठी खुली झाली. नेकचंद यांना पगार मिळाला, हाताखाली 50 मजूर मिळाले आणि पद मिळाले, 'उपविभागीय अभियंता, रॉक गार्डन'. गुन्ह्यालाच हुद्दा देणारी अशी दुसरी ऑर्डर माझ्या पाहण्यात नाही.

पुढे 1983 साली बागेचे टपाल तिकीट निघाले, 1984 साली पद्मश्री आली. बाग वाढत गेली आणि 40 एकरांच्या घरात पोहोचली. त्यांच्या मूर्ती अमेरिकेतल्या संग्रहालयांतही गेल्या.

नोकरीत असताना चंडीगडला जाण्याचा योग आला, तेव्हा मी ही बाग पाहिली. तिथली दारे मुद्दाम ठेंगणी ठेवलेली आहेत. साहेब असो की शिपाई, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत गेलो आणि एका भिंतीपाशी बराच वेळ थांबलो. फुटलेल्या चिनीमातीच्या भांड्यांनी ती मढवली होती. यातला एकेक तुकडा कोणीतरी हळहळत किंवा चिडून टाकून दिलेला असणार. 'निरुपयोगी' हा शेरा वस्तूवर नसतो, तो शेरा मारणाऱ्याच्या नजरेत असतो, हे मला तिथे जितके लख्ख दिसले तितके बत्तीस वर्षांच्या नोकरीत दिसले नव्हते.

पण एका चांगल्या ऑर्डरने गोष्ट संपत नाही. 1980 चे दशक संपता संपता रस्त्यासाठी बागेवर बुलडोझर आले. लोकांनी हातात हात गुंफून कडे केले, आणि न्यायालयाने नेकचंद यांच्या बाजूने कौल दिला. 1996 साली ते परदेशी गेले असताना मूर्तींची मोडतोड झाली. नंतर लोकांनीच पुढे होऊन बाग सावरली. 12 जून 2015 रोजी नेकचंद गेले. त्यानंतर दहा वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच 2025 च्या आरंभी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. कारण काय, तर शेजारच्या उच्च न्यायालयासाठी रस्ता रुंद करायचा आणि गाड्या उभ्या करायला जागा हवी. नागरिकांनी विरोध केला, तरी भिंत पडली. सारे काही रीतसर, कागदोपत्री चोख.

हा विरोधाभास मला बेचैन करतो. ज्याने परवानगीशिवाय बांधले त्याचे काम टिकले, कारण 1976 साली टेबलापलीकडच्या काही माणसांनी नियमाच्या पुस्तकातून मान वर करून समोर पाहिले. आणि जे पाडले गेले ते परवानगीने पाडले गेले. नेकचंद यांच्या कलेचे गुणगान पुष्कळ झाले आणि ते योग्यच आहे. पण सही करणाऱ्या हातांचाही त्यात वाटा आहे, हे आपण विसरतो. दगड वेचणारा माणूस शंभर वर्षांत एखादा निपजतो; त्याची फाइल मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी नव्या साहेबाच्या टेबलावर येते. तो साहेब ती बाग कोणत्या रकान्यात मांडतो, डेड स्टॉकच्या की ठेवीच्या, एवढाच प्रश्न असतो. आणि दर वेळी त्याचे उत्तर नव्याने द्यावे लागते.