दहा हजार तास उडवूनही नवखा?

केजहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आलाय: "दादा, पायलटला दहा हजार तासांचा अनुभव असला म्हणजे विमान सेफच ना?" मित्रा, अनुभव कोणत्या विमानाचा, ते आधी विचार.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. वीस वर्षं गिअरची गाडी चालवलेला, मांजरसुंब्याचा घाट रोज उतरणारा ड्रायव्हर पहिल्यांदा ऑटोमॅटिक गाडीत बसतो. डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि पडतो ब्रेकवर. गाडी गचकन थांबते. ड्रायव्हिंग त्याला येतंच, पण पायाला जुनी गाडी आठवते. विमानातही हेच होतं, फक्त तिथे बाजूला थांबता येत नाही.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं मुंबईहून निघालेलं एअरबस ए-३२० बंगळूरला उतरत होतं. हे विमान कंपनीकडे १९८९ मध्ये आलेलं, म्हणजे अगदी नवीन. कॅप्टन सिरिल फर्नांडिस यांच्याकडे एकूण नऊ हजारांहून जास्त तास होते, पण ए-३२० वर साधारण ६८. त्यांची परीक्षा घेणारे कॅप्टन सतीश गोपुजकर यांच्याकडे दहा हजारांहून जास्त, पण ए-३२० वर साधारण २५५.

उतरताना विमान 'ओपन डिसेंट' मोडमध्ये गेलं. यात इंजिनांची ताकद कमीत कमी होते. दोन्ही पायलटांचे फ्लाइट डायरेक्टर बंद केले असते, तर ऑटोथ्रस्टने वेग सांभाळायला घेतला असता. बंद झाला एकच. आणखी एक फरक बघा. बोइंग ७३७ सारख्या विमानात ऑटोथ्रॉटलने ताकद कमी-जास्त केली की लिव्हर स्वतःच सरकतो, हाताला कळतं. ए-३२० मध्ये लिव्हर जागचा हलत नाही, त्यामुळे स्क्रीनवरच बघावं लागतं. शेवटी फुल पॉवर दिली, पण जेट इंजिनला जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढे उरले नव्हते. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात आदळलं. १४६ पैकी ९२ जण गेले, त्यात दोन्ही कॅप्टनही.

चौकशीत ठपका पायलटांवर आला. पण मला वाटतं, खरा धडा जोडीचा आहे. शिकणारा नवा आणि तपासणाराही त्या विमानावर तसा नवाच.

म्हणून आज विमान बदललं की पायलटला त्याचं वेगळं टाइप रेटिंग घ्यावं लागतं. आधी सिम्युलेटर, मग प्रवाशांसह प्रत्यक्ष उड्डाणं, पण शेजारी ट्रेनर कॅप्टन हवाच. हा नियम कागदापुरता नाही. जुलै २०२४ मध्ये एअर इंडियाच्या मुंबई-रियाध विमानात शिकाऊ को-पायलटसोबत ट्रेनर नसलेला कॅप्टन गेला. अपघात झाला नाही, कंपनीने स्वतःच चूक कळवली, तरी डीजीसीएने ९० लाखांचा दंड केला.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दहा हजार तास मोठेच, पण नव्या मशीनसमोर मोजणी नव्याने सुरू होते. आणि आपण नवखे आहोत हे शेजारच्याला सांगणं, यात कमीपणा नाही. ट्रॅक्टर असो की विमान.

भेटू पुढच्या भागात!