यंत्रानें मोजलेली दृष्टि

"येथें कॉम्प्युटरवर डोळे तपासले जातात," अशी पाटी चष्म्याच्या दुकानावर आपण सर्वांनीं वाचली असेल. आंत गेल्यावर हनुवटी टेकूवर ठेवावयाची, कपाळ पट्टीला लावावयाचें आणि समोरच्या छिद्रांतून एक चित्र पाहावयाचें. बहुधा तें लांबवर गेलेल्या सरळ रस्त्याचें आणि त्याच्या टोंकाशीं असलेल्या रंगीत फुग्याचें असतें. फुगा क्षणभर धूसर होतो, पुन्हां स्पष्ट होतो, आणि थोड्याच वेळांत आंकड्यांची एक चिठ्ठी बाहेर पडते. ही चिठ्ठी म्हणजे आपल्या डोळ्यांचा अखेरचा निकाल, असा पुष्कळांचा समज असतो. माझाहि होता. मी वैद्य नव्हे कीं शास्त्रज्ञ नव्हे. खडू-फळ्यापाशीं आयुष्य घालविलेला एक साधा शाळामास्तर आहें. परंतु या समजापायीं माझ्या नातीला त्रास झाला, आणि तेव्हां हें यंत्र काय मोजतें व काय मोजत नाहीं, हें मला समजून घ्यावें लागलें. तेंच आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम डोळ्याकडे वळूं. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला डॉक्टर 'कॉर्निया' म्हणतात; आपण स्वच्छमंडल म्हणूं. त्याच्या मागें डोळ्यांतील भिंग. हीं दोन्ही मिळून प्रकाशकिरण वांकवितात आणि आंतल्या दृष्टिपटलावर एकत्र आणतात. हें वांकविण्याचें माप म्हणजे डायॉप्टर. समांतर किरण एक मीटरवर एकत्र आणणारें भिंग एक डायॉप्टरचें. अर्ध्या मीटरवर आणणारें दोन डायॉप्टरचें. माणसाच्या डोळ्याची एकूण शक्ति सुमारें ६० डायॉप्टर असते, आणि त्यांपैकीं सुमारें ४३ एकट्या स्वच्छमंडलाची. किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच मिळाले, तर उणा नंबर येतो. पलीकडे मिळूं लागले, तर अधिक नंबर.

हें यंत्राला बाहेरून कसें कळतें? यामागील एक जुनें तत्त्व शायनर नांवाच्या जर्मन पंडितानें १६१९ सालीं मांडलें. आपण तें घरींहि पडताळून पाहूं शकतां. पुठ्ठ्याला टांचणीनें दोन मिलिमीटरांच्या अंतरावर दोन छिद्रें पाडा, पुठ्ठा एका डोळ्यापाशीं धरा आणि समोर वीतभर अंतरावर एक सुई उभी धरा. नजर दूरच्या वस्तूवर लावली, कीं एका सुईच्या दोन दिसूं लागतात. नजर सुईवर आणतांच त्यांची एक होते. दोन प्रतिमा एकमेकींपासून किती दूर पडतात, यावरून डोळा किती चुकतो तें कळतें. आजचीं यंत्रें डोळ्यांत अदृश्य असे अवरक्त किरण सोडतात, दृष्टिपटलावरून परत येणारा प्रकाश कॅमेऱ्यानें टिपतात आणि त्याच्या आकारावरून हिशेब करतात. अशीं स्वयंचलित यंत्रें १९७० नंतरच्या दशकांत दवाखान्यांत येऊं लागलीं. चिठ्ठीवर 'एस्' या अक्षराखालीं साधा नंबर असतो, 'सी' खालीं तिरकस नंबर, म्हणजे सिलिंडर, आणि 'ए' खालीं त्याचा कोन.

हा सिलिंडर पुष्कळदां स्वच्छमंडलाच्या आकारामुळें येतो. तें चेंडूसारखें सर्व बाजूंनीं सारखें गोल नसून चमच्याच्या पाठीसारखें, एका दिशेनें अधिक व दुसऱ्या दिशेनें कमी वांकलेलें असतें. हा बांक मोजण्याची युक्ति मोठी गमतीची आहे. घांसून लख्ख केलेल्या लहान तांब्यावर आपला चेहरा इवलासा दिसतो, मोठ्या हंड्यावर थोडा मोठा. स्वच्छमंडलहि असाच बहिर्गोल आरसा आहे. त्यांत पडलेली प्रतिमा मोजली कीं त्याची त्रिज्या कळते. अडचण एवढीच, कीं डोळा क्षणभरहि स्थिर राहत नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८५० नंतरच्या दशकांत एकाच प्रतिमेच्या दोन प्रतिमा करून ही अडचण दूर केली. डोळा हलला तरी दोन्ही एकदमच हलतात. १८८१ सालीं पॅरिसमध्यें जाव्हाल व श्योट्झ यांनीं हें साधन रोजच्या वापराजोगें केलें. त्रिज्या ७·८ मिलिमीटर असेल, तर ३३७·५ ला ७·८ नें भागावें. उत्तर ४३·३ डायॉप्टर येतें. चिठ्ठीवर 'के' या अक्षरापुढें असतो तो हाच आंकडा.

या आंकड्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांत जें कृत्रिम भिंग बसवितात, त्याची शक्ति 'के' आणि डोळ्याची लांबी यांवरूनच ठरते. 'के' मध्यें एका डायॉप्टरची चूक झाली, तर शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ तितकाच नंबर पदरीं येतो. लांबींत एका मिलिमीटरची चूक झाली, तर सुमारें अडीच डायॉप्टरचा!

मात्र 'के' हा आंकडा स्वच्छमंडलाच्या मधल्या सुमारें तीन मिलिमीटर भागापुरताच असतो. पोर्तुगीज वैद्य प्लासिदो यानें १८८० सालीं एका तबकडीवर एकांत एक वर्तुळें काढून डोळ्यांत त्यांचें प्रतिबिंब पाहिलें. त्याच वर्तुळांचें छायाचित्र घेऊन आजचा संगणक सबंध पृष्ठभागाचा रंगीत नकाशा काढतो. जेथें बांक तीव्र तेथें लाल, जेथें सपाट तेथें निळा. ज्या रोगांत स्वच्छमंडल पातळ होऊन शंकूसारखें पुढें येतें, तो या नकाशांत लवकर ओळखूं येतो. तो बहुधा कुमारवयांत वा तरुणपणीं सुरू होतो, आणि डोळे चोळण्याची संवय त्याला पोषक ठरते. रायबोफ्लेविन व अतिनील किरण यांच्या साह्यानें स्वच्छमंडल बळकट करण्याचा उपचार जर्मनींतील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केला. त्यानें पुष्कळ रुग्णांत रोगाची वाढ थांबते. परंतु गेलेला आकार तो पूर्ववत् करीत नाहीं. म्हणून ज्या मुलाचा सिलिंडर वरचेवर बदलतो, त्याचा हा नकाशा अवश्य काढून घ्यावा.

आतां माझ्या नातीविषयीं. ती तिसरींत असतांना तिचें डोकें दुखूं लागलें. मीं तिला एका दुकानांत नेलें. यंत्रानें वजा दीडचा नंबर दिला, आणि त्या चिठ्ठीवरूनच चष्मा तयार झाला. तो घातला कीं तिचें डोकें अधिकच दुखे, आणि ती चष्मा काढून ठेवी. मीं तो आळस समजलों, तिला रागावलों, शिस्तीवर दोन शब्दहि ऐकविले. शेवटीं नेत्रवैद्यांकडे गेलों. त्यांनीं डोळ्यांतील स्नायू शिथिल करणारे थेंब घातले आणि कांहीं वेळानें तशाच यंत्रावर तिला बसविलें. वजा दीड नाहींसा झाला होता. उलट थोडा अधिक नंबर निघाला! लहान मुलाच्या भिंगाचे स्नायू फार चपळ असतात. रस्ता चित्रांत कितीहि लांब दिसला, तरी तें चित्र डब्यांत जवळच आहे हें मुलाला जाणवतें आणि त्याचा डोळा आपोआप आंवळला जातो. फुगा धूसर करून यंत्र डोळ्याला सैल सोडावयास लावतें खरें, पण मुलांच्या बाबतींत तें नेहमींच साधत नाहीं. यंत्र खोटें बोललें नव्हतें. आंवळलेला डोळा त्यानें आंवळलेलाच मोजला. चूक होती ती त्याचें मोजमाप अखेरचें मानणाऱ्या माझी.

म्हणून, श्रोतेहो, चार गोष्टी ध्यानांत असूं द्याव्या. मुलाचा पहिला चष्मा थेंब घालून तपासल्यावांचून करूं नये. मोठ्यांनींहि चिठ्ठीवरून थेट चष्मा न घेतां चांचणीच्या चौकटींत भिंगें बदलून, तक्त्यावरील अक्षरें वाचून खात्री करून घ्यावी. मधुमेह असल्यास साखर आटोक्यांत आल्यावर नंबर काढावा, कारण साखरेबरोबर नंबरहि बदलतो. आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनीं स्वच्छमंडल मोजण्यापूर्वीं ती किती दिवस काढून ठेवावी, हें डॉक्टरांना विचारावें.

यंत्राचे उपकार थोडे नाहींत. ज्याला अक्षरओळख नाहीं, ज्याला बोलतां येत नाहीं, अशाच्याहि डोळ्याचें माप तें घेतें. परंतु तें डोळा मोजतें. दिसतें किती आणि कसें, हें पाहणाऱ्यानेंच सांगावयाचें असतें. नात तें सांगत होती. ऐकावयास मात्र मला उशीर झाला.