खंडाळ्याच्या कातळातील दिशा

शालेय भूगोलाच्या पुस्तकांत पृथ्वी मधोमध चिरून दाखविलेली असते आणि तिच्या गाभ्याला झळझळीत पिवळा रंग दिलेला असतो. तो रंग तेथे जाऊन कोणी पाहिला, ही शंका माझ्या मनातून कधीच गेली नव्हती. त्यामुळे त्या गाभ्याचा एक लेखी म्हणावा असा दाखला खंडाळ्याच्या कातळात आहे, आणि तो काढण्यासाठी एक संशोधिका घाटमाथ्यावर येणार आहेत, असे कळले तेव्हा त्यांच्या अनुमतीने मीही तेथे गेलो.

लोणावळ्यापासून खंडाळ्यापर्यंतचा सारा मुलूख लाव्ह्याचा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून तो थरावर थर पसरत गेला; कार्ले-भाज्याची लेणी ज्यात कोरली तो काळा पाषाण हाच. भूवैज्ञानिकांनी या थरांपैकी एका समूहास खंडाळ्याचे आणि त्याला सामावणाऱ्या उपगटास लोणावळ्याचे नाव दिले आहे, याची वार्ता येथे चिक्की घेण्यास येणाऱ्यांना बहुधा नसते.

यंत्र लहानसे, पेट्रोलवर चालणारे. त्याच्या टोकाशी हिऱ्याची कणी बसविलेली पोकळ नळी. ती फिरू लागली की तापते, म्हणून तीत अखंड पाणी सोडावे लागते, आणि ते काम मावळातल्याच एका गावच्या पोक्त गृहस्थांकडे होते, ज्यांना बाई ‘मामा’ म्हणत. भातावर फवारणी करावयाचा पंप पाठीला लावून ते उकिडवे बसले होते. डोळे भलतीकडे असले तरी यंत्राचा स्वर किंचित चढताच त्यांचा हात दांड्यावर जोराने चाले. पेट्रोलचा धूर आणि भिजलेल्या दगडाच्या पिठाचा वास यांचे मिश्रण आजही माझ्या नाकात आहे. “ताई, दमानं घ्या, फुटंल,” एवढेच ते मधून मधून म्हणत, आणि त्यांचे म्हणणे बाई निमूट ऐकत.

दगडाची बोटाएवढी कांडी सुटी झाली की ती उपटून घ्यावयाची नसते. जागची न हलविता तिच्यावर दिशेची खूण प्रथम करावी लागते, आणि सारे मर्म तेथेच आहे. बाईंनी होकायंत्र कातळावर टेकवून दाखविले, मग छातीइतके उंच धरले. दोन्ही ठिकाणी सुईने निरनिराळी उत्तर दिशा सांगितली. कातळच चुंबकीय, तेव्हा होकायंत्राची साक्ष येथे ग्राह्य नाही. सबब एका बारीक काडीची सावली आणि घड्याळातील वेळ यांवरून सूर्याच्या साक्षीने दिशा निश्चित करावयाची. ढग आला, आणि पृथ्वीच्या पोटाचा तपास सूर्य दिसेपर्यंत तहकूब झाला.

त्या अवकाशात मामांनी विचारले, “ते गाभ्याचं लोखंड किती खोल म्हणालात?”

“एकोणतीसशे किलोमीटर, मामा.”

“म्हंजे दिल्लीला जाऊन माघारी!”

एकोणतीसशे! माणसाने आजवर खोदलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, सव्वाबारा किलोमीटरांचे आहे. त्या हिशेबाने लोणावळ्याहून निघालेला माणूस कामशेतसुद्धा गाठत नाही. भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात बरीच वर्षे घालविलेल्या ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये भूकंपाच्या लहरींवरून गाभ्याचे अस्तित्व दाखविले, आणि १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश विदुषीने त्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे ताडले, जो आज घन मानला जातो. त्याच्या भोवतीचे वितळलेले लोखंड पाण्याइतके पातळ असावे असे अनुमान आहे. त्याच्या वाहण्यातून पृथ्वीचे चुंबकत्व उपजते, आणि लाव्हा निवताना त्यातील लोहकणांनी त्या चुंबकत्वाची दिशा कायमची धरून ठेवली.

खंडाळ्याच्या कातळातील ती दिशा दक्षिणेकडे, जमिनीत खाली जाणारी आहे. म्हणजे तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते, आणि ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये भारतीय पाषाणांच्या चुंबकत्वावर निबंध प्रसिद्ध केला, त्यात खंडाळ्याचे दगड होते.

मग गाभा दिसतो कसा? माझ्या मते हा प्रश्नच थोडा फसवा आहे. धातूतून प्रकाश आरपार जात नाही. त्या लोखंडात डोळा नेऊन ठेवता आला तरी त्याला पुढचे वीतभरही दिसणार नाही. पिवळा रंग ही चित्रकाराची मेहेरबानी. मला त्याहून बाईंनी कांडीवर ओढलेला बाण अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तो तरी पुनःपुन्हा मोजून खातरजमा करून घेता येतो.

मावळातील शिक्षकांना एवढीच विनंती, की सहलीला मुलांना लेणी अवश्य दाखवावीत, पण सोबत एक साधे होकायंत्र न्यावे, ते उघड्या कातळावर ठिकठिकाणी ठेवून पाहावयास सांगावे, आणि सुई ढळली तर ती का ढळली याचे उत्तर देण्याची घाई करू नये.