वाचनाची अनेक दारे

ज्याचे शालेय शिक्षण मध्येच थांबले, त्याला पुष्कळदा असे वाटते की, ग्रंथ हे शिकलेल्यांचे धन आहे. आपल्या वाट्याला परीक्षेपुरते पाठ्यपुस्तक आले, तेवढे पुरे. मराठी वाङ्मयाचा इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही. ज्यांनी शाळेची पायरी कधी चढली नाही किंवा ज्यांना ती लवकर उतरावी लागली, अशा माणसांनीही मराठीला श्रेष्ठ साहित्यकृती दिल्या आहेत. अशा काही कृती आणि त्यांच्या जोडीने वाचावीत अशी आणखी काही पुस्तके यांचा हा परिचय आहे.

कविता

वाचनाचा आरंभ ‘बहिणाबाईंची गाणी’ या संग्रहापासून करता येईल. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या खानदेशातील शेतकरी स्त्रीला लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचत. घरातील लिहित्या हातांनी त्यांतील काही टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. खानदेशी बोलीतील काही शब्द प्रारंभी अडतात. परंतु कविता मोठ्याने वाचली की अर्थ कानांवाटे उलगडू लागतो. शहरातील कष्टकऱ्यांचे जग अनुभवायचे असेल, तर नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हा संग्रह वाचावा. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या या कवीचे विद्यापीठ म्हणजे मुंबईचा रस्ता आणि कामगारवस्ती होती.

आत्मचरित्र

स्वतःच्या आयुष्याकडे प्रामाणिकपणे कसे पाहावे, हे आत्मचरित्र शिकवते. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने अजोड आहेत. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. विवाहानंतर पती, कवी नारायण वामन टिळक यांच्याकडून त्या अक्षरे शिकल्या. पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आलेली ताटातूट, समाजाचा रोष आणि पुढे पुन्हा जुळलेला संसार हे सारे त्यांनी सांगितले आहे. त्यात कडवटपणा नाही. घरात बोलावे तशी साधी वाक्ये, स्वतःवरही हसण्याची तयारी आणि दुःखाचा बाऊ न करण्याची वृत्ती यांमुळे नवशिक्या वाचकालाही हे पुस्तक परके वाटत नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) याच्या पाठोपाठ वाचावे. अस्पृश्यतेने माणसाचे बालपण कसे पोखरले जाते, याचे इतके रोखठोक कथन मराठीत त्यापूर्वी फारसे आले नव्हते.

कादंबरी

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आकाराने लहान आहे. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. मुले मेंढरांमागे रानात जातात. त्यांनी शाळेत का यावे, हे त्यांच्या आईबापांना पटत नाही. हळूहळू मास्तर वाडीचा होतो, आणि मग दुष्काळ येऊन वाडीच उठते. पोटाची निकड आणि शिक्षण यांतील ताण ज्याने स्वतः सोसला आहे, त्याला ही कथा अधिक खोलवर भिडेल. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) याहून वेगळी, वेगवान आणि संघर्षमय आहे. उपासमारीने मरणाऱ्या माणसांना जगवण्यासाठी परक्या सत्तेशी झुंजणारा वीर तिचा नायक आहे. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या लेखकाने विपुल कथा-कादंबऱ्या लिहिल्या.

प्रवासवर्णन आणि नाटक

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात कोकणातील एक गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो आणि १८५७ च्या बंडात सापडतो. झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. इतिहासाच्या पुस्तकात लढाई भेटते. येथे त्या लढाईत भरडलेला सामान्य माणूस भेटतो.

नाटक हे रंगभूमीसाठी असले, तरी चार जणांनी पात्रे वाटून घेऊन वाचल्यास त्यातील संवाद जिवंत होतात. त्यासाठी विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक घ्यावे. खेळ म्हणून मांडलेला खटला एका स्त्रीला खरोखरच कसा घायाळ करतो, हे त्यात दिसते.

विज्ञान

ज्याला ललित साहित्याची ओढ नाही, त्याने जयंत नारळीकर यांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहातील विज्ञानकथा वाचून पाहाव्यात. त्यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र वाराणसीपासून सुरू होते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी वाचकाला त्यात आपले काही सापडेल.

वाचावे कसे?

एका वेळी एकच पुस्तक घ्यावे आणि रोज थोडी पाने वाचावीत. अडलेल्या प्रत्येक शब्दाशी थांबू नये. पुढील वाक्यात त्याचा अर्थ बहुधा सापडतो. तोच शब्द पुनःपुन्हा आला, तरच शब्दकोश उघडावा. एखादे पुस्तक रुचले नाही, तर ते बाजूला ठेवून दुसरा वाङ्मयप्रकार निवडण्यात कमीपणा नाही. प्रौढ वाचकाजवळ संसाराचा, कष्टाचा आणि माणसांचा जो अनुभव असतो, तो शाळकरी मुलाजवळ नसतो. पुस्तक समजण्यासाठी अक्षरांइतकाच हा अनुभवही उपयोगी पडतो.