चाकं काढली का?

आमच्या गावच्या तळ्यात पावसाळ्यानंतर चार-पाच महिने पाणी असते. फेब्रुवारी सरला की काठ मागे हटू लागतो आणि एप्रिलात तिथे भेगाळलेली जमीन उरते. आमचे रेडिओवर चालणारे पाणविमान याच तळ्यासाठी बनले आणि त्याला चाके लावावी लागली तीही याच तळ्यामुळे.

सुरुवात लेकीच्या एका प्रश्नाने झाली. नववीत उत्प्लावन बल शिकताना तिने विचारले, "अब्बू, नाव तरंगते, विमान उडतं. मग दोन्ही करणारं काही असतं का?" असते. २८ मार्च १९१० रोजी फ्रान्समध्ये हेन्री फाब्र यांनी पाण्यावरून यंत्रशक्तीवर चालणारे विमान प्रथम उडवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांनी आपल्या पाणविमानाला वर उचलता येणारी चाके बसवली. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींत चालणारे म्हणून त्याचे नाव ट्रायड. हे सांगून झाले आणि आमच्या घरात फोमशीटचे तुकडे पडू लागले.

नावेचे पोट, पक्ष्याचे पंख

पंखांची लांबी ११० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर, वजन ८५० ग्रॅम. सांगाडा फोमचा. नेहमीचा झटपट गोंद फोम वितळवतो, हे पहिला पंख खराब झाल्यावर कळले. मोटर पाण्यापासून दूर हवी, म्हणून ती पंखाच्या वर खांबावर बसवली. पण मोटर उंचावर असली की वेग वाढवताच विमान नाक खाली घालते. यासाठी तिचे तोंड किंचित वर कलते केले.

खरी गंमत विमानाच्या पोटात आहे. नावेसारखे गुळगुळीत पोट पाण्याला चिकटून राहते आणि विमान सुटतच नाही. म्हणून वजनाच्या मध्यबिंदूच्या थोडे मागे पोटाला एक पायरी ठेवतात. वेग आला की पाणी त्या पायरीपाशी सुटते, मागे हवा शिरते आणि विमान पाण्यावरून घसरत वर उठते. आमची पायरी एक सेंटिमीटर उंच आहे. पंखांच्या टोकांखाली दोन छोटे तरंगे आहेत. रिसीव्हर रबरी फुग्यात गुंडाळला आणि झाकणाच्या कडेला व्हॅसलीन लावले. सारा खर्च नऊ हजारांच्या घरात गेला. मुलांच्या अम्मीने नवे कपाट पुढच्या वर्षावर ढकलले, ते याचमुळे.

चाकांचा खटाटोप

डिसेंबर-जानेवारीत विमान छान उडाले. पाणी आटले तेव्हा धाकटा म्हणाला, "आता जूनपर्यंत माळ्यावर?" मग चाके करायची ठरली.

पहिला दांडा सायकलच्या स्पोकचा केला. तो दुसऱ्याच उतरणीत वाकला. मग तीन मिलिमीटरची पोलादी तार आणून सायकलवाल्याच्या शेगड्यात वाकवून घेतली. चाके वजनाच्या मध्यबिंदूच्या पुढे बसवली. मागे बसवली असती तर विमान नाकावर पडले असते. शेपटीखाली तारेचा आकडा लावला. चाकांचे वजन ९५ ग्रॅम भरले आणि तेही पुढच्या बाजूला. त्यामुळे तोल सांभाळायला बॅटरी मागे सरकवावी लागली. लेकीने पोटात दोन खुणा केल्या : चाकांसाठी लाल, पाण्यासाठी निळी. चाकांची पट्टी चार लोखंडी स्क्रूंनी घट्ट आवळली. ती मजबुती आम्हाला फार आवडली होती.

त्या दिवशी

पुढच्या वर्षी तळे भरले. आदल्या रविवारी मैदानावर उडवलेले विमान आम्ही तसेच घेऊन गेलो. काठावरच्या सपाट पट्टीवरून ते उडाले. लेक विचारत होती, "अब्बू, चाकं काढली का?" आम्ही घाईत होतो. "नंतर बघू," म्हणालो आणि थोड्या वेळाने सवयीने विमान पाण्यावर उतरवले.

चाके पाण्यात रुतली, नाक खाली गेले आणि विमान उलटे झाले. स्क्रूंनी पोटाचा फोम ओरबाडला. पण आमची नजर विमानावर असताना धाकटा कमरेपर्यंत पाण्यात उतरला होता. दोन पावलांवर गाळाचा खोल खड्डा होता. लेकीने दप्तर टाकून त्याचा दंड धरला. आम्ही पोहोचेपर्यंत तो काठावर आला होता.

घरी परतताना कोणी बोलले नाही. रात्री जेवताना आम्ही मुलांच्या अम्मीसमोर सांगितले की चूक आमची होती, मुलीने वेळेवर विचारले होते. मोठ्या माणसाला हे म्हणायला जड जाते. पण मुले वर्गात चूक कबूल करत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकाने निदान घरी तरी ते करावे.

आता आम्ही काय करतो

खऱ्या उभयचर विमानांतही चाके खाली ठेवून पाण्यावर उतरणे ही मोठी जोखीम मानली जाते आणि वैमानिक उतरण्यापूर्वी चाकांची स्थिती पुन्हा तपासतात. आम्हीही नियम केले.

चाकांची पट्टी आता रबरबँडने धरलेली आहे. धक्का बसला तर ती सुटते, पोट फाटत नाही. चाके लावलेली असतील तेव्हा रिमोटला लाल कापड बांधलेले असते. उडवण्यापूर्वी लेक यादी मोठ्याने वाचते : चाके, बॅटरीची खूण, झाकण, सुकाणू. ती "हो" म्हणेपर्यंत मोटर सुरू होत नाही. विमान पाण्यात पडले तर कोणीही आत जायचे नाही. मासे धरायच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो पलीकडे फेकायचा आणि विमान ओढायचे. नाही आले तर ते गेले समजायचे. भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. जागा माणसांपासून आणि विमानतळापासून दूर निवडायची, आणि त्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर ते क्षेत्र तपासायचे.

वाचकहो, घरात असे काही करावेसे वाटले तर जरूर करा. एका विमानात भौतिकशास्त्राचे चार धडे मावतात. मात्र यादी वाचायचे काम घरातल्या लहानाला द्या, आणि त्याने थांबा म्हटले की थांबा. आमचे विमान दुरुस्त झाले आहे. पोटावरचा ठिगळ मात्र लेकीने मुद्दाम रंगवू दिला नाही.