समुद्रावरील उंबरठा

खानदेशांतील वाचकांस समुद्राची ओळख बहुधा तापीच्या योगें होते. जळगांव आणि धुळें जिल्ह्यांतून वाहत जाऊन ती सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते, एवढें आपण शाळेंत शिकतों. परंतु घरांतील एखादा मुलगा इंजिनियर होऊन मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर भर समुद्रांत कामास जाऊं लागला, म्हणजे आजीबाईंचा पहिला प्रश्न असतो, "अरे, तेथें उतरतोस तरी कोठें?" या प्रश्नाचें उत्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'मुंबई हाय' या सागरी क्षेत्रांत १९७४ सालीं तेल सांपडलें व १९७६ च्या मे महिन्यांत तें काढण्यास आरंभ झाला. तेथें समुद्रतळांत रोंवलेल्या पोलादी खांबांवर मजलेदार मंच उभे आहेत. जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरनें तेथें जावयाचें, साधारणतः चौदा दिवस काम करावयाचें व तितकेच दिवस घरीं राहावयाचें, असा क्रम असतो.

मंचाच्या माथ्यावर एका कडेस सपाट अंगण असतें. त्यास 'हेलिडेक' म्हणतात. मध्यें पिंवळें वर्तुळ व पांढरें 'एच्' अक्षर, कडेनें हिरवे दिवे, माणूस समुद्रांत पडूं नये म्हणून बाहेरच्या अंगास जाळी, वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी आणि आगीवर फेंस सोडण्याची सामग्री, असा त्याचा थाट असतो. तें कडेस असण्याचें कारण हें कीं, हेलिकॉप्टर तिरकें येतें व तिरकेंच निघतें. म्हणून सभोंवारच्या ३६० अंशांपैकीं निदान २१० अंश मोकळे असावेत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

हें अंगण म्हणजे त्या घराचा उंबरठाच होय. आणि पावसाळ्यांत तो कधीं कधीं बंद पडतो. दिनांक २७ जुलै २००५ रोजीं 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरील एका आचाऱ्याचीं बोटें कापलीं. मोसमी वादळी हवेमुळें हेलिकॉप्टर येऊं शकत नव्हतें. सबब त्यास क्रेनच्या पाळण्यांतून शेजारच्या मंचावर चढविण्याचें ठरलें. जहाजाच्या यंत्रांत बिघाड असल्यानें तें हातीं चालवून मंचाजवळ आणलें. जखमी मनुष्य वर पोंचला. परंतु लाटांनीं जहाज मंचावर ढकललें गेलें आणि त्याच्या पाठीमागील हेलिडेकचीच धडक वायूच्या नळास बसली! वायूनें पेट घेतला व सुमारें दोन तासांत मंच नष्ट झाला. ३६२ माणसें वांचलीं. २२ जणांस आम्ही मुकलों.

बोटांच्या जखमेपासून एवढा अनर्थ! दोष केवळ हवेचा नव्हे. ज्या ठिकाणीं पेटणारा वायू खेळतो, तेथें त्याचे नळ जहाजाच्या धडकेपासून राखले पाहिजेत, नादुरुस्त जहाज जवळ आणतां कामा नये, आणि दार बंद असतां लागणारा उपचार दाराआंतच मिळाला पाहिजे. पुराच्या दिवसांत नावेचा भरंवसा न धरतां औषधपाणी आधींच घरांत ठेवावें, हें शहाणपण नदीकांठच्या माणसास नवें नाहीं.

म्हणून मुलगा पुढच्या पाळीवर निघेल तेव्हां आजीबाईंच्या प्रश्नास घरांतील वडील मंडळींनीं आणखी एक प्रश्न जोडावा: "उतरतां येत नाहीं, त्या दिवशीं काय करतां?" याचें उत्तर त्यानें न अडखळतां दिलें, तर त्यास निश्चिंत मनानें निरोप द्यावा.